पंचक्षते दिसली तर आधी डॉक्टर, मग बिशप: प्रार्थनागटांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
मराठी भाषक कॅथलिक प्रार्थनागटांचे प्रमुख आणि धर्मग्राम समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

१४ सप्टेंबरला पवित्र क्रूसाचा सण, १७ ला असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या पंचक्षतांचे, म्हणजे क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पाच जखमांसारख्या अंगावर उमटलेल्या जखमांचे स्मरण आणि २३ ला इटलीतले धर्मगुरू पाद्रे पिओ यांचा सण. या दिवसांत गटागटांतून जखमांचा विषय निघतो, हातातून रक्त ठिबकणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचे व्हिडिओ मोबाइलवर येतात आणि 'आमेन' लिहून पुढे ढकलले जातात. त्यामागे एक गृहीत असते: पाद्रे पिओंच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा होत्या, चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केले, म्हणजे चर्चने त्या जखमांवर शिक्कामोर्तब केले. हे गृहीत साफ चूक आहे. त्यामुळे आपल्याकडे उद्या कोणाच्या तळहातावर जखम दिसली, तर पहिल्या दोन दिवसांतच न निस्तरता येणारे घोळ होऊ शकतात. म्हणून हे जाहीर पत्र.

जेम्मा गाल्गानीचे उदाहरण घ्या. इटलीतल्या लुक्का शहरातली ही तरुणी. ८ जून १८९९ रोजी तिच्या अंगावर जखमा प्रकटल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी सप्टेंबरात तिचे पापनिवेदन ऐकणारे बिशप व्होल्पी एका डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरने ओल्या फडक्याने हातावरचे रक्त पुसले, तर खाली कातडी धड होती, जखमच नव्हती. जवळ जमिनीवर शिवणाची सुईही सापडली. तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर जेर्मानो यांचा विश्वास मात्र कायम राहिला. १९०३ मध्ये वयाच्या पंचविशीत ती वारली. १९३१ मध्ये रोमने तिच्या सद्गुणांबद्दलचा निर्णय दिला. तिचे सद्गुण वीरश्रेणीचे होते हे त्यात मान्य केले आणि तिच्या असाधारण अनुभवांबद्दल आपण काहीही निवाडा करत नाही असेही स्पष्ट लिहिले. १९४० मध्ये ती संत झाली. त्या जखमा कुठून आल्या हा प्रश्न रोमने उघडाच ठेवला.

खुद्द संत फ्रान्सिसच्या बाबतीतही असेच दिसते. १२२४ च्या सप्टेंबरात ला व्हेर्नाच्या डोंगरावर त्यांना पंचक्षते मिळाली अशी परंपरा आहे. ३ ऑक्टोबर १२२६ ला ते गेले आणि ब्रदर इलायस यांनी पत्र धाडून ही बातमी सगळीकडे कळवली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत जाहीर केले. त्या वेळच्या पोपपत्रात पंचक्षतांचा उल्लेखच नाही! पुढे शंकेखोरांना उत्तर देण्यासाठी याच पोपनी पंचक्षतांची बाजू घेतली, पण संतपद देताना त्यांचा आधार घेतलेला नाही.

सिएनाकर कॅथरिनच्या जखमा तर कोणाला दिसतच नव्हत्या. १३७५ मध्ये पिसा येथे त्या मिळाल्या आणि तिच्याच विनंतीवरून अदृश्य राहिल्या, असे तिचे चरित्रकार सांगतात. पुढे पोप चौथे सिक्स्टस यांनी तिची चित्रे जखमांसह काढायला बंदी घातली. हे पोप फ्रान्सिस्कन आणि कॅथरिन डोमिनिकन परंपरेतली. दोन संघांची स्पर्धा त्या बंदीत नव्हती असे म्हणवत नाही.

आता पाद्रे पिओंकडे सविस्तर पाहू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त बोलले जाते ते त्यांच्याबद्दल आणि सर्वांत कमी माहिती असते ती त्यांच्या चौकशीची.

२० सप्टेंबर १९१८ रोजी सान जोव्हान्नी रोतोन्दो येथील मठाच्या चर्चमध्ये, कॉयरच्या जागेत प्रार्थना करत असताना त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत जखमा उमटल्या. पुढच्या वर्षी तीन डॉक्टर येऊन गेले. मे १९१९ मध्ये बार्लेत्ताचे रोमानेल्ली, जुलैमध्ये रोमचे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक बिन्यामी आणि ऑक्टोबरात फेस्ता. तिघांची मते जुळली नाहीत. बिन्यामी निरीश्वरवादी होते. त्यांचा कयास असा, की जखमा मानसिक दडपणाखाली कातडी मृत होऊन सुरू झाल्या असाव्यात आणि टिंक्चर आयोडीन वारंवार लावल्याने चिघळत राहिल्या असाव्यात. त्यांनी कयासावर न थांबता चाचणी सुचवली: आयोडीन काढून घ्या, साक्षीदारांसमोर जखमा बांधा, पट्ट्यांवर सील लावा आणि आठ दिवस रोज सील तपासून पट्टी बदला. मठातल्या धर्मबंधूंनी शपथेवर तसे केले. आठ दिवसांत जखमा भरल्या नाहीत, असे त्यांनी नोंदवले. या चाचणीतही खोट काढता येते. साक्षीदार त्याच मठातले होते आणि पट्टी बदलण्याच्या वेळी काय झाले याला बाहेरचा कोणी साक्षी नव्हता. पण चाचणीचा आराखडा योग्य होता आणि आजही त्याहून वेगळे काही करायचे नसते.

१९२० मध्ये फादर अगोस्तिनो जेमेल्ली आले. ते फ्रान्सिस्कन, शिवाय डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ. पाद्रे पिओंनी त्यांना जखमा दाखवल्या नाहीत, कारण रोमच्या होली ऑफिसची, म्हणजे श्रद्धेच्या प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या खात्याची लेखी परवानगी जेमेल्लींकडे नव्हती. तरीही जेमेल्लींनी प्रतिकूल मत कळवले. याच सुमारास कार्बोलिक अॅसिडचे प्रकरण रोमला पोचले. पाद्रे पिओंनी फोज्जातल्या एका औषधविक्रेत्यामार्फत गुपचूप कार्बोलिक अॅसिड मागवले होते आणि चार ग्रॅम व्हेराट्रीन नावाचे दाहक द्रव्यही. कार्बोलिकने कातडी जळते. संशयाला जागा होती आणि ती दडपून टाकणे हा भक्तांचा मूर्खपणा ठरला असता. रोमने ती दडपली नाही.

जून १९२१ मध्ये व्होल्तेर्राचे बिशप राफाएल्लो कार्लो रॉस्सी चौकशीसाठी आले. त्यांनी पाद्रे पिओंचा जबाब शपथेवर घेतला, मठातल्या इतरांचेही जबाब घेतले आणि जखमा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. कार्बोलिक कशाला, असे थेट विचारले. उत्तर आले: मठातल्या मुलांना इंजेक्शने देताना सुया निर्जंतुक करायला. आणि व्हेराट्रीन? तपकिरीत मिसळून सोबत्यांना शिंका आणायला, थट्टा म्हणून. रॉस्सींनी हे जसेच्या तसे लिहून घेतले. त्यांच्या अहवालातले वर्णन वाचण्यासारखे आहे. पायांच्या जखमा त्या वेळी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. कुशीत तांबड्या दारूच्या रंगाचा त्रिकोणी डाग होता. दोन वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांनी तिथे उलट्या क्रूसासारखी आकृती पाहिली होती, ती आता नव्हती. तळहात आरपार भोसकलेले नव्हते. 'तळहातातून पलीकडचा उजेड दिसायचा' असे जे आपल्याकडे सांगतात, त्याला या अहवालात आधार मिळत नाही. रॉस्सींचा निष्कर्ष मात्र अनुकूल होता: हे सैतानाचे काम नाही आणि लबाडीही नाही.

तरीही ३१ मे १९२३ रोजी होली ऑफिसने जाहीर केले, की या घटना अलौकिक असल्याचे सिद्ध झालेले नाही. लबाडी सिद्ध झाली असेही म्हटले नाही. अनुकूल अहवाल हाती असताना असा निर्णय का, हे भाविकांना खटकते. पण पुरावा कमी पडतो म्हणणे आणि माणूस खोटा आहे म्हणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९३१ मध्ये त्यांना लोकांसमोर मिस्सा अर्पण करायला मनाई झाली आणि ती १९३३ च्या जुलैत उठली. या काळात चाहते गावात दंगा करायला निघाले होते, पुस्तके छापून रोमवर दबाव आणत होते. ज्या माणसाबद्दल हे चालले होते तो मठाच्या खासगी प्रार्थनामंदिरात एकट्याने मिस्सा अर्पण करत राहिला. २३ सप्टेंबर १९६८ ला ते वारले तेव्हा जखमांचा व्रणही उरला नव्हता. पुढे १९९७ मध्ये सद्गुण मान्य झाले, १९९९ मध्ये धन्यपद (संतपदाच्या आधीची पायरी) आणि १६ जून २००२ ला संतपद मिळाले. त्यासाठी जे चमत्कार तपासले गेले ते त्यांच्या मृत्यूनंतरच्या आजारमुक्तीचे होते. जखमांची गणना त्यात नव्हती आणि असूही शकत नव्हती, कारण धन्यपदासाठी आणि संतपदासाठी लागणारा चमत्कार मृत्यूनंतरच्या मध्यस्थीने घडलेला असावा लागतो. रॉस्सींचा अहवाल तर २००८ मध्ये, पाद्रे पिओ संत झाल्यावर सहा वर्षांनी छापून आला.

चौकशीत आज्ञापालन एवढे का तपासतात, हे यावरून लक्षात यावे. जखम नकली करता येते, सहज करता येते. बोलणे बंद कर, कोणाला भेटू नको, मिस्सा बंद, असे सांगितल्यावर दोन वर्षे निमूट राहणे नकली करणे अवघड. १६९७ च्या गुड फ्रायडेला चित्ता दि कास्तेल्लोच्या मठात व्हेरोनिका ज्युलियानी यांच्या अंगावर जखमा दिसल्या, तेव्हा बिशपांनी त्यांना इतरांपासून वेगळे ठेवले, जखमांवर औषधोपचार करवले आणि त्यांच्या हातांत मोजे चढवून त्यांवर स्वतःची मोहोर उठवली. पहारा जखमांवर होता तसाच त्यांच्या वागण्यावरही होता. ती व्रतस्थ स्त्री वैतागते का, तक्रार करते का, चाहते जमवते का, हे पाहिले गेले. त्या १८३९ मध्ये संत झाल्या.

उलट उदाहरण लिस्बनचे. डोमिनिकन मठाची मुख्य धर्मभगिनी मारिया दा व्हिसितासाव हिच्या १५८४ मधल्या पंचक्षतांची कीर्ती युरोपभर झाली होती. लुईस दे ग्रानादा यांच्यासारख्या नाणावलेल्या आध्यात्मिक लेखकाने तिचे चरित्र लिहायला घेतले होते. १५८८ मध्ये धर्मन्यायालयाने तिचे हात साबणाने खसखसून धुवायला लावले. जखमा धुऊन गेल्या, कारण त्या रंगवलेल्या होत्या. चार वर्षे हे कोणाला का सुचले नाही? कारण सगळे हाताचे चुंबन घेत होते, हात धुवायला कोणी सांगत नव्हते.

याउपर आपल्या देशातले दोन दाखले आहेत आणि ते आपल्या गटांत फारसे कोणी सांगत नाही. गॅलिलीच्या इबिल्लिन गावची मरियम बावर्दी ही फ्रान्समधल्या पो येथील कार्मेल मठात (कार्मेलाइट संघाच्या धर्मभगिनींच्या मठात) होती. तिच्या अंगावर जखमा असल्याचे १८६७ पासून नोंदलेले आहे. १८७० मध्ये भारतातला पहिला कार्मेल मठ स्थापायला जी तुकडी मंगळूरला आली तिच्यात ती होती. २१ नोव्हेंबर १८७१ ला तिने तिथेच अखेरची व्रते घेतली. मग तिच्या अनुभवांबद्दल वरिष्ठांना शंका आली, भ्रम म्हणावे की सैतानी प्रभाव असा वाद झाला आणि १८७२ मध्ये तिला फ्रान्सला परत पाठवले. ती गेली. १८७८ मध्ये बेथलेहेमला वारली आणि १७ मे २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी तिला संत जाहीर केले.

दुसरी केरळातल्या पुथेनचिराची मरियम थ्रेसिया. तिच्या बाबतीत त्रिशूरचे बिशप मेनाचेरी यांनी जखमांचे कौतुक करणे तर सोडाच, भूत काढण्याच्या प्रार्थना करायला लावल्या. १९०२ ते १९०५ या काळात फादर जोसेफ वितयत्तिल यांनी त्या केल्या. त्यांनीच पुढे जन्मभर तिला मार्गदर्शन केले. तिने १९१४ मध्ये पवित्र कुटुंबाचा संघ काढला, आजाऱ्यांच्या घरोघरी फिरली, जखमा झाकून ठेवल्या. १९२६ मध्ये वारली, १३ ऑक्टोबर २०१९ ला संत झाली. भूत काढण्याच्या प्रार्थना करणाऱ्यांनी तिचा छळ केला असे आज वाटते, पण त्यांनी तिला बाजारात मांडले नाही, हेही खरे.

आता व्यवहाराचे. गटातल्या कोणाच्या अंगावर अशी जखम दिसली, तर काय करायचे?

सर्वांत आधी तो माणूस पेशंट आहे हे लक्षात ठेवा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, निर्जंतुक गॉजने झाका, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पवित्र तेल, हळद, मेण, राख यांतले काहीही लावू नका. संसर्गाचा धोका आहेच, शिवाय नंतर तपासणाऱ्याला जखमेच्या कडा कळत नाहीत आणि कातडीवर आधी कोणते द्रव्य होते हे शोधणे जवळजवळ अशक्य होते. डॉक्टर भक्त नको आणि खिल्ली उडवणाराही नको. चर्मरोगतज्ज्ञ मिळाला तर उत्तम, नाहीतर शासकीय रुग्णालयातला सर्जन चालेल.

धुण्याआधी दोन फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, उजेड खिडकीचा असू द्या, एक फोटो जवळून आणि एक संपूर्ण हाताचा. फोटो एकाच फोनमध्ये ठेवा, गटावर टाकायचे नाहीत. रक्ताने भिजलेला गॉज सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालण्याची चूक नेहमी होते. ओल राहिली की बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. पाकिटावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या घ्या, त्यांतला एक घरचा नसावा. हा तुकडा अवशेष म्हणून वाटू नका, कापू नका. रक्त त्याच माणसाचे आहे का, मुळात माणसाचे आहे का, हे याच गॉजवरून ठरणार असते.

त्याच दिवशी वही घाला: जखम प्रथम कोणी पाहिली, किती वाजता, त्याआधी तो माणूस किती वेळ एकटा होता, उपवास किती दिवसांचा, ऍस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तो उजवा की डावखुरा. शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. पण स्वतःच्या हाताने केलेल्या जखमा त्या हाताच्या पोचेत असतात, त्यांच्या कडा सरळ किंवा कोनाकृती असतात आणि लगतची कातडी पूर्ण निरोगी असते. चर्मरोगतज्ज्ञ पहिल्यांदा हेच पाहतो. अशी जखम करणारा प्रत्येक जण लबाड नसतो. काही जणांना आपण ती केल्याचे धड आठवतही नाही आणि त्यांना शिक्षेची नव्हे, मनोविकारतज्ज्ञाची गरज असते.

डॉक्टर रक्तातल्या प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या करवतील. ताणानंतर अंगावर वेदनादायी काळेनिळे डाग उठण्याचा गार्डनर-डायमंड नावाचा विकार १९५५ पासून वैद्यकात नोंदलेला आहे आणि तो मुख्यतः स्त्रियांत दिसतो. धड कातडीतून घामासारखे रक्त पाझरल्याच्या केसेसही नोंदलेल्या आहेत. म्हणून पुसल्यावर खाली जखम नसली तर लगेच 'लबाडी' म्हणायचे नाही आणि 'चमत्कार' तर नाहीच. रक्ताचे प्रमाणही फसवते. चहाच्या एका चमच्याएवढे, पाच मिलिलिटर रक्त पांढऱ्या कापडावर पसरले की पाहणाऱ्याला पेलाभर वाटते. अंदाज नको, गॉज वापरण्याआधी आणि नंतर लगेच वजन करा.

सीलबंद पट्टीची चाचणी तुम्ही करायची नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पेशंटच्या लेखी संमतीने आणि बिशपांच्या माहितीने होते. तिची गोम अशी, की उथळ, स्वच्छ जखम झाकून ठेवली तर साधारण एक-दोन आठवड्यांत भरते. झाकल्यावर भरली आणि उघडल्यावर पुन्हा आली, तर उत्तर बऱ्यापैकी मिळाले. १८७५ मध्ये बेल्जियमच्या वैद्यक अकादमीच्या डॉक्टर वारलोमों यांनी पंचक्षतांसाठी गाजलेल्या लुईझ लातो हिच्या हातावर काचेची नळी बसवून सील केली होती, कारण पट्टीतून सुई टोचता येते, काचेतून नाही. पहाऱ्याची मर्यादाही ठाऊक असावी. जर्मनीत बव्हेरियातल्या कॉनर्सरॉयट गावची तेरेझे नॉयमान हिच्या अंगावर पंचक्षते होती आणि ती काही खात नाही असाही दावा होता; तिच्यावर १९२७ च्या जुलैत चार धर्मभगिनींनी दोन आठवडे रात्रंदिवस पहारा ठेवला, चूळ भरायचे पाणीसुद्धा मोजून दिले आणि मोजून परत घेतले. तिचे वजन ५५ किलोवरून ५१ वर आले, पुढे ५४, मग ५२.५ आणि शेवटी पुन्हा ५५. काही न खाता गेलेले वजन परत कसे आले, यावर वाद आजही मिटलेला नाही. पुन्हा तपासणी करू द्या असे बिशपांनी सांगितले तेव्हा घरच्यांनी नकार दिला. त्या नकाराने तिच्या बाजूचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही टीकाकाराने केले नसेल.

जखमेच्या जागेवरून कोणी लगेच निकाल देऊ नये. रोमन लोक खिळे मनगटाजवळ ठोकत असावेत असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे आणि पंचक्षते मात्र बहुतेक तळहातांत, चित्रांत दिसतात तशी. फ्रान्सिस यांची कुशीतली जखम उजवीकडे, पाद्रे पिओंची डावीकडे. एका फ्रेंच डॉक्टराने १८९४ मध्ये ३२१ जणांची यादी केली होती. तिच्यात सगळ्या तऱ्हा आहेत.

डॉक्टरांनंतर धर्मग्रामाचे फादर आणि त्यांच्यामार्फत बिशप. इथून पुढचा मार्ग १७ मे २०२४ रोजी रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने जाहीर केलेल्या नियमांनी ठरतो. ते १९ मे २०२४ पासून लागू आहेत आणि १९७८ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. दर्शने, संदेश, रक्त गाळणाऱ्या मूर्ती यांच्यासोबत शरीर-मनाशी निगडित घटनाही त्यांच्या कक्षेत येतात. पंचक्षते त्यांत मोडतात. बिशप आधी माहिती गोळा करतात आणि जाहीर भाष्य टाळतात. प्रकरण पुढे न्यायचे ठरले तर आयोग नेमतात. त्यात किमान एक धर्मज्ञ, एक चर्च-कायद्याचा जाणकार आणि घटनेच्या स्वरूपानुसार निवडलेला एक तज्ज्ञ असावाच लागतो. पंचक्षतांसाठी तो वैद्यक किंवा मानसोपचार क्षेत्रातला असणार. सगळे शपथबद्ध असतात, कामकाज गुप्त राहते, साक्षी शपथेवर होतात. शेवटी बिशप आपले मत कागदपत्रांसह रोमला पाठवतात आणि रोमच्या मान्यतेशिवाय काही जाहीर करत नाहीत.

निकाल सहा प्रकारचे असू शकतात. सर्वांत अनुकूल 'निहिल ऑब्स्टात', म्हणजे आडकाठी नाही. त्याचा अर्थ घटना अलौकिक ठरली असा होत नाही आणि कोणावर विश्वास ठेवण्याची सक्तीही होत नाही. अलौकिकतेची घोषणा बिशप किंवा रोमचा विभाग आता सहसा करणारच नाही. तशी प्रक्रिया पोपच अपवाद म्हणून सुरू करू शकतात. मधल्या तीन निकालांत बिशपांना सावध राहून सुधारणा करायला, उत्तेजन न देता लोकांना सांभाळायला किंवा सूत्रे स्वतःकडे घ्यायला सांगितलेले असते. यांतला शेवटचा तुम्हा प्रमुखांसाठी महत्त्वाचा आहे. घटनेत खोट नाही, पण भोवतीची माणसे तिचा गैरफायदा घेत आहेत, तेव्हा तो दिला जातो. उरलेले दोन म्हणजे बंदी, आणि घटना अलौकिक नाही अशी पुराव्यानिशी घोषणा. जुने नियम असतानाच, ६ मार्च २०२४ रोजी, रोमजवळच्या त्रेविन्यानोतल्या रक्ताश्रू ढाळणाऱ्या मूर्तीच्या प्रकरणात तिथल्या बिशपांनी अशी घोषणा केली होती.

आयोग काय तोलतो तेही या नियमांत आहे. व्यक्तीची विश्वासार्हता, शिकवणीत चूक नसणे, घटना कोणी ठरवून घडवलेली नसणे आणि तिची फळे. विरुद्ध पारड्यात पैसा, सत्ता, प्रसिद्धी, पंथासारखी गटबाजी, मानसिक विकार, सामूहिक उन्माद. आणि एक गोष्ट विशेष गंभीर मानलेली आहे: अशा अनुभवांचा आधार घेऊन लोकांना ताब्यात ठेवणे किंवा त्यांचे शोषण करणे. 'येशूने मला सांगितले, तू तुझे दागिने दे', 'तू नवऱ्याला सोड', 'तू रात्री माझ्याजवळ प्रार्थनेला थांब' असले काही कानावर आले, तर आयोगाची वाट पाहायची नाही. फादरांना आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवा.

दानपेटी ठेवू नका. तेलाच्या बाटल्या, फोटो, जखमेला लावलेले रुमाल विकू नका, फुकटही वाटू नका. बसगाड्या काढू नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे आणि त्यांच्या प्रचाराने लोकांना फसवणे हा त्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. धर्म कोणता हे तो कायदा विचारत नाही. शिवाय २०१२ मध्ये विलेपार्ल्यात क्रूसाच्या पायातून पाणी ठिबकले तेव्हाची गर्दी आठवा. एका विवेकवादी कार्यकर्त्याने ते पाणी तुंबलेल्या नाल्यातून भिंतीत चढते असे सांगितले आणि आपल्यातल्याच काहींनी त्याच्यावर पोलिसांत तक्रार केली. तेव्हा प्लंबरला बोलावले असते तर बरे झाले असते.

ज्या व्यक्तीच्या अंगावर जखमा आहेत ती बहुधा बाई किंवा मुलगी असते. तिचे नाव, पत्ता, चेहरा बाहेर जाऊ देऊ नका. ती अल्पवयीन असेल तर आईवडिलांशिवाय कोणीही तिची चौकशी करू नये, जखम उघडून दाखवायला सांगू नये. तिच्या तोंडून निघालेले शब्द टिपून घ्यायला उत्साही लेखनिक बसवू नका. अंगावर पंचक्षते असलेली जर्मन धर्मभगिनी आना काथारिना एमेरिक हिच्या दर्शनांच्या नोंदी कवी क्लेमेन्स ब्रेन्टानो यांनी ड्यूल्मेनमध्ये तिच्या खाटेशी बसून लिहिल्या. त्यांतले तिचे किती आणि कवीचे किती हे ठरेना, त्यामुळे तिची प्रक्रिया १९२८ मध्ये अडली आणि १९७३ मध्येच पुन्हा चालू झाली. २००४ मध्ये तिला धन्यपद मिळाले ते ब्रेन्टानोंची पुस्तके बाजूला ठेवून. बोलणे नोंदवायचेच असेल तर तिच्याच शब्दांत, तारीख घालून, काहीही न सजवता आणि ती वही फादरांकडे.

आमची मागणी एवढीच आहे. सप्टेंबरच्या पहिल्या सभेत हे पत्र वाचा, प्रत्येक गटातून एक परिचारिका किंवा डॉक्टर आणि एक जबाबदार सदस्य अशी दोन नावे ठरवा, ती धर्मग्रामाच्या फादरांना लेखी द्या आणि अशी जखम कोणी दाखवली तर या दोघांशिवाय तिसऱ्याने फोन हातात घेऊ नये असा ठराव वहीत नोंदवा. निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, मोजपट्टी, कागदी पाकिटे आणि किराणा तोलायचा छोटा डिजिटल काटा हे सामान आणायला गटाच्या निधीतून फार पैसे लागणार नाहीत. उपचाराचा खर्चही त्या घराला पेलत नसेल तर त्याच निधीतून करा, पण पावती रुग्णालयाच्या नावाची हवी.

आपले,
धर्मशास्त्र, वैद्यक आणि चर्च-इतिहासाचे काही मराठी अभ्यासक